गायरानावर सौर प्रकल्प, उरलेल्या माळावर वृक्षलागवड : ग्रामसभेत काय मांडावे?

माळावरचा (धागाकर्ता)

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. पुढच्या पंधरवड्यात ग्रामसभा असून तिच्यापुढे दोन विषय आहेत. गावाच्या शंभर एकर गायरानापैकी चाळीस एकर शेतीपंपांच्या सौर प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने देणे, हा पहिला विषय. उरलेल्या साठ एकरांवर सलग समतल चर खणून वृक्षलागवड करणे, हा दुसरा. दोन्ही विषयांच्या टिपणीत हवामान बदलाला तोंड देणे हा उद्देश लिहिलेला आहे आणि दोन्हींत जमिनीचे वर्णन 'पडीक' या एकाच शब्दात उरकलेले आहे.

मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. दुष्काळ आणि अवकाळी यांच्या कात्रीत सापडलेल्या या भागात राहून हवामान बदल नाकारणे मला शक्यच नाही. परंतु हा माळ मी लहानपणापासून पायाखाली घातलेला आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर येथे धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ओघळीच्या काठाला खोकडाची बिळे आहेत आणि लांडग्यांची एक जोडी दरवर्षी येऊन जाते. माझ्या वडिलांनी याच माळावर माळढोक पाहिला होता. मला तो पाहायला नान्नजला जावे लागले, आणि तोही एकदाच दिसला. त्या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे बाराशेवर आणले गेले, आणि आता तेथे पक्षी दिसला तर एखाददुसराच.

कार्बन कमी करायचा आणि माळही राखायचा, हे एकाच धोरणात बसवता येते का? येत असेल, तर आमच्यासारख्या एका गावाने ग्रामसभेत नेमके काय मांडावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पारेषण

मी वीज पारेषणात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अजूनही कोळशातून येते. २०३० पर्यंत बिगरजीवाश्म स्रोतांची ५०० गिगावॉट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट देशाने जाहीर केले आहे. एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. ही जमीन कोठून तरी आणावीच लागेल, आणि प्रत्येक गावाने आपला माळ महत्त्वाचा आहे असे म्हटले तर कोळसाच जळत राहील.

माळढोकाचा उल्लेख आला म्हणून राजस्थानातील खटल्याची आठवण देतो. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकाच्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. त्यातील प्राधान्य क्षेत्र आणि संभाव्य क्षेत्र मिळून सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचा टापू होत होता. ४०० किंवा ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची प्रत्यावर्ती (एसी) वाहिनी लांब अंतरावर जमिनीखालून नेणे म्हणजे काय, हे आम्हा अभियंत्यांना विचारावे. केबल स्वतःच संधारित्रासारखी (कपॅसिटरसारखी) वागते, त्यामुळे तो परिणाम भरून काढणारी यंत्रणा वाटेत ठिकठिकाणी बसवावी लागते. दर काही शे मीटरवर जोड येतो. बिघाड शोधून दुरुस्त करायला कित्येक दिवस जातात. आणि खर्च हवाई वाहिनीच्या अनेक पटींनी वाढतो. पक्ष्यावर माझे प्रेम आहे, पण आदेश अंमलात आणण्यासारखाही असावा लागतो.

गवतफूल

पारेषणकाका, आपल्या मुद्द्याकडे मी नंतर येते. आधी धागाकर्त्यांच्या दुसऱ्या विषयाबद्दल लिहिते, कारण मला त्याचीच काळजी अधिक वाटते.

मी गवताळ परिसंस्थांवर काम करते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या प्रदेशातला माळ म्हणजे झाडे तुटून उजाड झालेले जंगल, असा समज वनखात्यापासून शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत सर्वत्र मुरलेला आहे. प्रत्यक्षात असे बरेच माळ शेती आणि वस्तीच्याही आधीचे, स्वतःच्या गवतांचे, स्वतःच्या प्राण्यांचे आहेत. भारतातील अर्धशुष्क भागातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला आहे आणि त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला संरक्षण आहे. शासकीय पडीक जमिनींच्या नकाशांत मात्र यातील फार मोठा भाग 'पडीक' म्हणून रंगवलेला असतो.

कार्बनच्या हिशेबातही वृक्षलागवड येथे तोट्याची ठरू शकते. झाडाचा कार्बन बराचसा जमिनीच्या वर, खोडात आणि फांद्यांत असतो. गवताचा कार्बन मुळांतून मातीत उतरतो आणि वणवा किंवा दुष्काळ आला तरी बव्हंशी तेथेच टिकतो. मुरमावरच्या वीतभर मातीत आपण चर खणतो, तेव्हा शतकानुशतके साठलेला तो कार्बन उघड्यावर येतो, आणि त्या बदल्यात जे रोप लावतो ते पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगेल याची खात्री नसते. जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून गिरिपुष्प लावले जाते. ते जगते, परंतु त्याखाली पवना आणि मारवेल राहत नाही, आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून मोकळी जमीन निवडणारा धाविक तेथे पुन्हा अंडी घालत नाही.

ही चूक केवळ स्थानिक अज्ञानातून होत नाही. पॅरिस कराराआधी, २०१५ साली, भारताने वने आणि वृक्षाच्छादन यांच्या द्वारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन अतिरिक्त कार्बन डायऑक्साइड शोषण्याचे वचन दिले. वचनातला शब्द 'वृक्षाच्छादन' असल्याने खाली येईपर्यंत त्याचे उद्दिष्ट खड्ड्यांच्या आणि रोपांच्या संख्येत बदलते. २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत झाडे लावणाऱ्यांना पत-गुण देणाऱ्या केंद्राच्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजनेचे निकष आले, तेव्हा हेक्टरी किमान ११०० झाडांची अट घातली गेली. ज्या माळावर हेक्टरी चार बोरी आणि दोन हिवर हीच निरोगी स्थिती असते, तेथे ही संख्या कशी बसवणार? ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांनंतर जगलेल्या झाडांवर भर देणारे बदल झाले, हे चांगले झाले, पण जमीन झाडांची आहे की गवताची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

रात्रीचे_पाणी

मी पंढरपूर तालुक्यातला शेतकरी आहे. येथे माळाबद्दल फार चांगले लिहिले जात आहे, परंतु ज्याला थंडीत रात्री दोन वाजता दारे धरायला जावे लागते त्याच्या बाजूनेही विचार व्हावा. माझ्या चुलतभावाला रात्री पाणी देताना साप चावला. तो वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळणार असेल, तर त्यासाठी गावाने चाळीस एकर देऊ नयेत, असे मला कोणी समजावू शकणार नाही. कार्बनचे राहू द्या, हा आमच्या जिवाचा प्रश्न आहे.

चंद्रपूरची

'रात्रीचे_पाणी' यांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे. त्यात विदर्भातून एक भर घालते. २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या उघड्या खाणी यांच्या सावलीत मी वाढले. ताडोबाच्या आसपासच्या खाणींनी वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा तोडल्या आहेत, आणि उन्हाळ्यात आमच्या शहराचे तापमान देशातील सर्वाधिक तापमानांमध्ये नोंदले जाते. सोलापूरचा माळ वाचला आणि ती वीज कोळशातूनच आली, तर तिची किंमत माझ्या जिल्ह्यातले जंगल देते. जैवविविधतेचा हिशेब करताना प्रकल्प न झाल्यास काय होईल, हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

गवतफूल

चंद्रपूरची ताई, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच सौर प्रकल्प आणि वृक्षलागवड हे दोन विषय वेगळे करायला हवेत. पहिल्याने कोळसा जळायचा थांबतो. दुसऱ्याने निदान या माळावर तरी तसे काहीच होत नाही.

सातारचा_कडा

पवनऊर्जेचा विषय अजून आलेला नाही, म्हणून आमच्या भागातला अनुभव मांडतो. चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरपासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. लोकांना वाटते की पाती फिरतात, एखादा पक्षी आपटून मरतो, त्याची मोजदाद केली की परिणाम कळला. याच पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागाच्या तुलनेत त्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. शिकारी पक्षी कमी झालेल्या जागी सरड्यांची संख्या वाढली, त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक घटले, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले आणि नरांच्या गळपंख्याचा (गळ्याखालच्या रंगीत पडद्याचा) रंगही फिकट आढळला. म्हणजे वर फिरणाऱ्या पात्याने खाली गवतातल्या सरड्याचे वागणे आणि रूप दोन्ही बदलले. या सरड्याच्या प्रजातीच्या शास्त्रीय नावात आपला मराठी 'सरडा' हाच शब्द आहे, आणि विज्ञानाला तो याच पठारावरून ओळखीचा झाला, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

यावरून पवनचक्क्या काढून टाका, असे मी म्हणत नाही. परंतु २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत सौर आणि पवन प्रकल्पांचा समावेशच नाही. ते स्वच्छ ऊर्जेचे असल्याने त्यांचा जमिनीवर आघात होत नाही, असे गृहीत धरले गेले. प्रकल्पाआधी पठारावर काय होते याची पद्धतशीर नोंदच नसेल, तर नंतर काय गेले हे आपण कशाच्या आधारे सांगणार?

मेंढका

मी धनगर समाजातला आहे. माझे आजोबा आणि वडील दरवर्षी मेंढ्या घेऊन माळामाळाने फिरत. मी नोकरी करतो, पण माझे दोन काका अजून फिरतात. धागाकर्त्यांच्या शंभर एकरांत मेंढपाळांचे किती वाडे (मेंढ्यांसह फिरणारे तळ) दरवर्षी उतरतात, याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. पिके निघाल्यावर शेतकरी आम्हाला शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, त्या बदल्यात धान्य देतात, आणि त्यांच्या जमिनीला खत मिळते. मधल्या काळात गायरानच आम्हाला सांभाळते. त्याला तारेचे कुंपण पडले की काकांनी कोठे जावे?

लांडग्याबद्दलही सांगतो. तो आमचे कोकरू नेतो तेव्हा घरात हळहळ होते, पण त्याच्या वाट्याचे त्याने नेले, असे आजोबा म्हणत. माळ, मेंढी आणि लांडगा हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने टिकलेले आहेत. त्यातला माळ काढून घेतला, तर उरलेल्या दोघांसाठी वेगळी योजना आखावी लागेल, आणि ती कोणी आखल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

फ्रायबुर्गकर

मी बारा वर्षांपासून जर्मनीत आहे. मेंढका यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे रोज दिसते. येथील अनेक सौर उद्यानांत सौर पट्टिकांखालचे (पॅनेलखालचे) गवत आवाक्यात ठेवण्यासाठी मेंढ्याच चारल्या जातात आणि त्यासाठी मेंढपाळाला मोबदला मिळतो. पट्टिका पुरेशा उंचीवर बसवाव्या लागतात आणि तारा बंदिस्त ठेवाव्या लागतात, हे करारात आधीच लिहिलेले असावे. दोन रांगांमध्ये पुरेसे अंतर असेल तर चंडोलाची युरोपीय भावंडे तेथे घरटी करतात. रांगा दाटीने असतील तर ती निघून जातात.

दुसरा अनुभव तितका सुखाचा नाही. जगातील तांबड्या घारींपैकी सुमारे निम्म्या जर्मनीत वीण करतात, आणि घरट्यापासून पवनचक्की किती अंतरावर असावी, यावर येथे वर्षानुवर्षे वाद चालले. २०२२ मध्ये कायदा बदलून २०३२ पर्यंत देशाचा दोन टक्के भूभाग पवनऊर्जेसाठी राखण्याचे ठरले आणि पक्ष्यांसाठीचे अंतराचे निकष देशभर एकसारखे केले गेले. काही निसर्गप्रेमी मित्रांना तो बदल पक्ष्यांवर अन्यायकारक वाटतो. मला स्वतःला जागा आधी ठरल्या हे बरे वाटते, कारण पूर्वी प्रत्येक टेकडीवर तोच वाद नव्याने सुरू होत असे.

कलम_एकवीस

पारेषण यांनी २०२१ च्या आदेशाबद्दल लिहिले. त्यापुढचा भाग मी पूर्ण करतो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न त्याच निकालांत आहे.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने मान्य केले. पक्ष्याच्या रक्षणासाठी दाखल झालेल्या याचिकेतून हवामानाचा हक्क जन्माला आला, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या आणि प्राधान्य क्षेत्र राजस्थानात १४,०१३ व गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर ठरले. त्या क्षेत्रात नव्या पवनचक्क्यांना आणि दोन मेगावॉटहून मोठ्या नव्या सौर प्रकल्पांना मज्जाव आहे, आणि वीजवाहिन्यांसाठी ठराविक पट्टे आखण्याचे ठरले आहे.

पक्ष्याची निकड किती आहे, हेही सांगायला हवे. माळढोक आता दीडशेच्या आसपास उरले असावेत. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात वीजतारांवर आपटून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत असा अंदाज दिला होता. नर दहा-पंधरा किलोंचा, डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी तेवढे जड शरीर पटकन वळवता येत नाही. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. हा हिशेब फार वर्षे चालू शकत नाही.

धागाकर्त्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाने गावाच्या सामाईक जमिनींना मोठे संरक्षण दिले आहे, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या राज्यानेही गायरानाबाबत शासन निर्णय काढला. सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद त्यात असल्याने सौर प्रकल्प अडवण्याइतका तो भक्कम ठरेलच असे नाही. परंतु जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या नोंदवहीत माळाचे पान आहे का, ते आधी पाहा.

कुसळ

गवतफूल आणि मेंढका यांचे प्रतिसाद आमच्या ग्रामसेवकांना वाचून दाखवले. 'पडीक म्हणजे काय' यावर ते प्रथमच बराच वेळ बोलत राहिले.

पारेषण

कलम_एकवीस यांचे आभार. गवतफूल यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि वृक्षलागवडीबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पटले. सौर प्रकल्पाबद्दल मात्र माझे मत थोडेच बदलले आहे, आणि ज्या कारणाने बदलले ते अभियांत्रिकीचे आहे.

राजस्थानात हजारो मेगावॉट एका ठिकाणी निर्माण होऊन दूरच्या शहरांकडे जातात, म्हणून तेथे अतिउच्च दाबाच्या वाहिन्या अटळ आहेत. आपल्याकडील कृषी वाहिनीचा प्रकल्प काही मेगावॉटचा असतो, तो वीज उपकेंद्राच्या जवळपास बसतो आणि ११ किंवा ३३ केव्हीवर जोडला जातो. त्या दाबाच्या केबली आपण शहरांत रोज जमिनीखालून टाकतो. २०२१ च्या आदेशाविरुद्ध मी जे आक्षेप घेतले, त्यांतला एकही येथे लागू होत नाही. खर्च थोडा वाढेल, पण माळावर एकही तार लोंबकळणार नाही.

शिवाय जागेची निवडही खुली आहे. या योजनेत खाजगी जमिनीलाही हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. चोपण (क्षारांनी नापीक) होऊन पिकातून गेलेली जमीन किंवा बंद पडलेली खडीची खाण उपकेंद्राजवळ असेल, तर ती आधी तपासावी. 'रात्रीचे_पाणी' यांना दिवसाची वीज मिळण्यासाठी ती माळावरच निर्माण व्हायला हवी, असे मुळीच नाही.

रात्रीचे_पाणी

पारेषणकाका, जागा कोणतीही असो, माझी हरकत नाही. फक्त जागेच्या शोधात दोन वर्षे जाऊ नयेत. आमच्याकडे चांगल्या कारणासाठी थांबलेली कामे पुन्हा सुरू झालेली मी फारशी पाहिलेली नाहीत.

गवतफूल

ही भीती रास्त आहे, आणि आम्ही अभ्यासक ती पुरेशी लक्षात घेत नाही, हे मी मान्य करते. म्हणून पाहणी मुदतीत बांधावी. माळाचे मूल्य समजायला दोन वर्षे लागत नाहीत. आधी एका आठवड्यात गवताचे प्रकार, घरट्यांच्या जागा, बिळे, पाणवठा आणि मेंढ्यांच्या वाटा नकाशावर मांडता येतात, आणि उरलेले ऋतू त्यात भर घालत राहतात. धागाकर्त्यांना हवे असल्यास मी दोन विद्यार्थ्यांसह यायला तयार आहे.

माळावरचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गवतफूल ताई आणि त्यांचे विद्यार्थी येऊन गेले आणि परवा ग्रामसभाही झाली, म्हणून पुढची हकिकत लिहितो.

पंचायतीच्या नोंदवहीत माळासाठी एक ओळ होती : 'गायरान, पडीक, उपयोग नाही.' आम्ही चार दिवस फिरलो, सोबत मेंढपाळ होते. अकरा प्रकारची गवते त्यांनी चारणीच्या नावांनी ओळखून दिली, धाविकाच्या अंड्यांच्या तीन जागा दाखवल्या आणि लांडग्यांची वाट ओघळीतून कशी जाते तेही सांगितले. हे सारे नकाशासह नोंदवहीत घालण्याचा ठराव एकमताने झाला. वृक्षलागवडीचा विषय माळाऐवजी शाळा, स्मशानभूमी आणि ओढ्याच्या काठापुरता मंजूर झाला. त्यावर दोन ज्येष्ठ सदस्य नाराज झाले, कारण झाडे नाकारणे त्यांना पाप वाटते. त्यांना मी अजून पटवू शकलेलो नाही.

सौर प्रकल्पाला गावाने होकार दिला, परंतु जागेबाबत महिनाभराची मुदत मागितली आहे. उपकेंद्राच्या पश्चिमेला खडीची एक जुनी खाण आणि तिला लागून चोपण पडलेली काही खाजगी शेते मिळून तीस-बत्तीस एकर भरतात. उरलेल्या आठ-दहा एकरांसाठी माळाच्या रस्त्याकडील कडेचा भाग सुचवला असून, तेथे पट्टिका उंच बसवाव्यात आणि मेंढ्यांना आत सोडावे, अशी अट लिहिली आहे. कंत्राटदार ती मानेल की नाही, हे अजून कळायचे आहे.

पारेषणकाका, खाणीपासून उपकेंद्र सव्वादोन किलोमीटरवर आहे आणि मध्ये ओढा लागतो. ११ केव्हीची केबल ओढ्याखालून नेता येईल का?

पारेषण

नेता येईल. ओढ्याच्या तळाखालून आडवे छिद्र पाडून नळीतून केबल ओढतात, त्यासाठी पात्र खणावे लागत नाही. काठावरच्या मातीचा प्रकार आणि पुराच्या पाण्याची कमाल पातळी कळवा, म्हणजे अंदाजपत्रकात कोणत्या बाबी मागायच्या ते लिहून देतो.